'रिफ्रेन' : एका क्रियापदाची चौकशी

तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या फाटकासमोर माझे टंकलेखनाचे दुकान होते. 'मराठी-इंग्रजी टायपिंग व भाषांतर' अशी पाटी मीच रंगवली होती. तिच्यातला 'भाषांतर' हा शब्द मी कोणत्या अधिकाराने लिहिला, असे त्या काळी कोणी विचारले नाही. शिक्षण बारावीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते वकिलांचे हाताने लिहिलेले मसुदे टंकित करता करता आणि रद्दीच्या दुकानातून किलोवर घेतलेल्या कोशांच्या आधारे. चूक लक्षात यायची ती कोणीतरी ओरडल्यावरच.

२००३ च्या एप्रिलमध्ये एक तडजोड पुरसीस माझ्याकडे भाषांतराला आली. दोन चुलत घरांमध्ये वहिवाटीच्या वाटेवरून नऊ वर्षे दावा चालला होता. वादीचा पुतण्या पुण्यात वकिली करायचा. त्याने मध्ये पडून दोन्ही घरांना एकत्र बसवले आणि तडजोडीचा मसुदा इंग्रजीत लिहून पाठवला. त्यातले कळीचे वाक्य असे होते, की वादीच्या जाण्यायेण्यात अडथळा करण्यापासून प्रतिवादी 'रिफ्रेन' करील. मी फारसा विचार न करता लिहिले : "प्रतिवादी हा वादीच्या जाण्यायेण्यास अडथळा करण्याचे बंद करील."

प्रतिवादी सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला पटका, सहीपुरते अक्षर येणारे. त्यांच्या वकिलांनी पुरसीस वाचून दाखवली. सहीसाठी हातात घेतलेले पेन आजोबांनी टेबलावर ठेवले.

"बंद करीन म्हंजी आदी करत हुतो, असं झालं की. म्या कवाच अडवली न्हाई वाट."

वकिलांनी समजावले, वादीच्या पुतण्याने समजावले. आजोबा हलले नाहीत. नऊ वर्षे ते एकच गोष्ट सांगत आले होते, की मी वाट अडवलेली नाही; आणि तडजोडीच्या कागदावर, शेवटच्या दिवशी, मी त्यांच्याकडून नेमका उलटा कबुलीजबाब लिहून घेत होतो. त्यांनी वाट खरोखर अडवली होती की नाही, ते मला माहीत नाही. पण इंग्रजी मसुद्याने तो प्रश्न उघडलाच नव्हता. तो मी उघडला. पुढची तारीख उन्हाळी सुट्टीनंतरची पडली, तोवर पेरण्या आल्या, बांधावर पुन्हा बाचाबाची झाली आणि जुळलेले सगळे विसकटले. त्या रात्री मी कोश उघडून बसलो आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे.

आधी त्याचे मूळ. लॅटिनमध्ये 'फ्रेनुम' म्हणजे लगाम. घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी कांबीसकट सगळा साज. त्यावरून 'रेफ्रेनारे', म्हणजे लगाम ओढून मागे धरणे. जुन्या फ्रेंचमधून तो चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. त्या वेळी या क्रियापदाला कर्म लागायचे, कारण लगाम ओढायचा तर समोर काहीतरी घोड्यासारखे हवे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हा जुना वापर स्पष्ट दिसतो : तिथे माणसे आपला पाय 'रिफ्रेन' करतात, ओठ करतात, रडण्यापासून आवाज करतात. योसेफाच्या कथेत तर हा शब्द दोनदा येतो. भावांना पाहून त्याचे मन भरून येते, तो आत जाऊन रडतो, तोंड धुऊन बाहेर येतो आणि स्वतःला 'रिफ्रेन' करतो. पुढे एका प्रसंगी मात्र तेच त्याला जमत नाही, तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि मोठ्याने रडतो. दोन्ही ठिकाणी कर्म 'स्वतः' हेच आहे. योसेफ स्वार आणि योसेफच घोडा.

पुढच्या शतकांत हे कर्म गळून पडले. आज कोणी 'स्वतःला रिफ्रेन करा' असे इंग्रजीत लिहिले, तर ती चूक ठरते. आता म्हणायचे ते 'अमुक करण्यापासून रिफ्रेन करा' एवढेच. आपल्याकडच्या अर्जांत आणि पत्रांत 'रिफ्रेन टू डू' आणि 'रिफ्रेन हिम' हे दोन प्रकार सर्रास दिसतात, दोन्ही अशुद्ध. पहिल्यात 'फ्रॉम' हवे. दुसऱ्याचे काम 'रिस्ट्रेन' नावाचे वेगळे क्रियापद करते, त्याकडे मी पुढे येतो.

त्याआधी लगामाची एक खूण दाखवतो, जी प्रत्येकाजवळ आहे. आरशासमोर उभे राहून जीभ टाळूला लावा. जिभेच्या खाली मधोमध एक पातळ पडदा दिसेल, जिभेला तळाशी बांधून ठेवणारा. वैद्यकात त्याला 'फ्रेनुलम' म्हणतात, म्हणजे 'छोटा लगाम'. काही बाळांमध्ये तो आखूड असतो, जीभ पुढे येत नाही, दूध ओढताना त्रास होतो, आणि मग डॉक्टर तो थोडा कापून मोकळा करतात. 'जिभेला लगाम घाल' असे आपण एकमेकांना आयुष्यभर सांगतो. शरीरशास्त्रज्ञांनी तो तिथेच पाहिला आणि त्याला तेच नाव दिले. हे वाचले त्या दिवशी मी दुकानात एकटाच हसलो होतो, आणि समोर बसलेल्या पक्षकाराला वाटले, मी त्याच्या अर्जाला हसतो आहे.

आता माझी दुसरी चूक. इंग्रजीत 'रिफ्रेन' हे नामही आहे : गाण्याचे पुन्हापुन्हा येणारे चरण, आपले ध्रुवपद किंवा पालुपद. दोन्ही शब्दांचे अक्षर न् अक्षर सारखे. मी मनाशी सिद्धान्त मांडला, की कवन उधळलेल्या घोड्यासारखे धावत असते आणि ध्रुवपद त्याला दर कडव्यानंतर लगाम घालून परत ठाण्यावर आणते. सिद्धान्त इतका गोड होता, की मी तो दोन व्याख्यानांत सांगितला आणि टाळ्याही घेतल्या. काही वर्षांनी पुण्यातल्या एका ग्रंथालयात व्युत्पत्तिकोश चाळताना कळले, की या दोन शब्दांचे रक्ताचे नातेच नाही. गाण्यातला 'रिफ्रेन' लॅटिनच्या 'फ्रांगेरे', म्हणजे मोडणे, या धातूवरून आला आहे. 'फ्रॅक्चर' आणि 'फ्रॅगमेंट' हे त्याचे भाऊ. गाणे मधेच मोडते आणि ठरलेली ओळ येते, म्हणून तो शब्द. फ्रेंचमध्ये दोघे आजही वेगळे आहेत : गाण्यासाठी 'रफ्रँ' आणि लगामासाठी 'रेफ्रेने'. इंग्रजीत येता येता झिजून ते एकसारखे दिसू लागले. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याला हा धोका नेहमीचा : जिथे दोन शब्द सारखे दिसतात, तिथे त्याला लगेच नाते दिसते, आणि 'असे नसते' म्हणून कान धरणारा गुरू जवळ नसतो.

आता 'रिस्ट्रेन'. हा लॅटिनच्या 'मागे आवळून बांधणे' या अर्थाच्या धातूवरून आला. 'स्ट्रिक्ट' त्याच घरातला. फरक दोराच्या टोकाचा आहे. 'रिफ्रेन' करतो तेव्हा दोर माझ्याच हातात असतो, 'रिस्ट्रेन' करतात तेव्हा बहुधा दुसऱ्याच्या. दिवाणी प्रक्रिया संहितेत तात्पुरत्या मनाई हुकमाचा जो एकोणचाळिसावा आदेश आहे, त्यात न्यायालय पक्षकाराला 'रिस्ट्रेन' करते. पक्षकार स्वतः हमी देतो तेव्हा तो 'रिफ्रेन' करतो. म्हणजे आजोबांच्या कागदावर पुण्याच्या वकिलाने 'रिफ्रेन' लिहिले, तेव्हा त्याने जाणूनबुजून हुकमाचा शब्द टाळला होता. हे लक्षात यायला मला चार वर्षे लागली.

'अबस्टेन' हे तिसरे भावंड. दूर धरून ठेवणे, हा त्याचा मूळ अर्थ. दारू, मांस, संभोग, अन्न, मतदान अशा ठरावीक गोष्टींशी त्याची सोयरीक आहे. त्याच्यामागे तत्त्व असते, व्रत असते, कधी वैद्याचा सल्ला असतो. 'रिफ्रेन' मात्र प्रसंगापुरता. एखाद्या सभेत वक्त्याला टोमणा मारायची इच्छा झाली आणि मी गप्प बसलो, तर तो 'रिफ्रेन'. श्रावणभर मांस खाल्ले नाही, तर 'अबस्टेन'. ही रेघ काही लोखंडी नाही, इंग्रज लेखकही ती ओलांडतात. पण कान दोन्हींत फरक करतो. मराठी वृत्तपत्रांत संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाची बातमी येते, तेव्हा 'अबस्टेन'साठी 'भारत तटस्थ राहिला' असे छापतात. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहून दोन्ही बाजूंना सारख्या नजरेने पाहणारा. मत न देणाऱ्याला बाजू नसतेच, असे थोडेच आहे? तो बऱ्याचदा ठाम मताचा असतो आणि म्हणूनच हात वर करत नाही. 'मत दिले नाही' हे साधे मराठी तिथे जास्त खरे आहे.

संयुक्त राष्ट्रांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या सनदेतले एक उदाहरण सांगतो. ही सनद २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्वाक्षरीला ठेवली गेली. भारतातर्फे सही करणाऱ्यांत ए. रामस्वामी मुदलियार होते. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदात सर्व सदस्य राष्ट्रांनी बळाची धमकी किंवा बळाचा वापर यांपासून 'रिफ्रेन' करावे, असे आहे. सत्ताविसाव्या अनुच्छेदात वादाशी संबंधित राष्ट्राने सुरक्षा परिषदेतल्या काही मतदानांत 'अबस्टेन' करावे, असे आहे. फ्रेंच मसुदाही तितकाच अधिकृत. त्यात या दोन्ही ठिकाणी एकच क्रियापद आहे, 'सब्स्तनीर'. इंग्रजीने जिथे दोन शब्द वापरले, तिथे फ्रेंचचे एकात भागले. आणि इंग्रजीतला शब्द 'सीझ' किंवा 'स्टॉप' नाही, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. त्या वर्षीच्या जूनमध्ये पॅसिफिकमध्ये युद्ध चालूच होते; सही करणाऱ्यांतल्या कितीतरी देशांचा इतिहास बळाच्या वापराने भरलेला होता. 'थांबवू' असे लिहायचे, तर प्रत्येकाने आपल्या मागच्या कृत्यांची कबुली देत सही केली असती. 'रिफ्रेन'मध्ये काल नाही. मागे काय झाले, त्याबद्दल तो शब्द चकार काढत नाही.

माझे भाषांतर चुकले ते नेमके इथे. कॅलिफोर्निया राज्यात वित्तीय व्यवहारांवर देखरेख करणारे सरकारी खाते गैरव्यवहार करणाऱ्याला एक आदेश काढते. त्याचे नावच 'डिझिस्ट अँड रिफ्रेन' आदेश असे आहे. वरवर ती कायद्याच्या भाषेतली नेहमीची द्विरुक्ती वाटते. पण 'डिझिस्ट' म्हणजे चालले आहे ते थांबव, आणि 'रिफ्रेन' म्हणजे यापुढे करू नकोस. एक शब्द मागचे बघतो, दुसरा पुढचे. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही, म्हणून दोघे जोडीने येतात.

आपल्याकडे जुन्या गावगप्पांत एक प्रश्न असायचा : "काय हो, दारू सोडलीत का?" न पिणाऱ्याने 'हो' म्हटले तरी फसला, 'नाही' म्हटले तरी फसला. सोडणे, थांबवणे, बंद करणे या क्रियापदांच्या पोटात भूतकाळ लपलेला असतो. तो आजोबांना ऐकताक्षणी दिसला. माझ्या टेबलावर तीन कोश होते, मला दिसला नव्हता.

मग मराठीत 'रिफ्रेन'ला शब्द कोणता? कागदोपत्री 'परावृत्त होणे' फार चालते. पण परावृत्त होतो तो आधी निघालेला असतो. अर्ध्या वाटेवरून मागे फिरल्याशिवाय परावृत्त होता येत नाही. म्हणजे तिथेही भूतकाळ आलाच, थोडा सोवळ्यातला. 'टाळणे' यात चलाखी आहे. टाळाटाळ त्याच पोटची. 'वर्ज्य करणे' व्रताला, पथ्याला आणि रागातल्या स्वराला शोभते, ते 'अबस्टेन'च्या जवळचे. संस्कृतातला 'संयम' मुळाच्या दृष्टीने सख्खा म्हणावा असा : 'यम्' म्हणजे आवरून धरणे, आणि 'यंता' म्हणजे सारथी. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात इंद्रिये घोडे आहेत, मन लगाम आहे आणि बुद्धी सारथी. लॅटिन आणि संस्कृत, दोघांनाही आत्मसंयमनाचा विचार करताना घोडाच आठवला. 'लगाम' हा शब्द मात्र आपल्याकडे फारसीतून आला. कुणब्याच्या घरी घोडा कुठला? त्याच्याकडे बैल. म्हणून मराठी माणूस खर्चाला वेसण घालतो, आणि मळणीत पातीवरच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधतो.

अर्थाने सगळ्यांत जवळचे वाटते ते 'आवरणे'. हे क्रियापद मला फार प्रिय आहे. आई सकाळी "आवर लवकर" म्हणते तेव्हा त्यात अंघोळ, वेणी, दप्तर सगळे येते, पाहुणे गेल्यावर घर आवरायचे असते, आणि मयताच्या घरी कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणते, "आवर, आवर आता." पसरलेले गोळा करणे, ही एकच कल्पना तिन्हींत आहे. इथे ना लगाम, ना वेसण. मन इथे उधळलेले जनावर नाही, पसरलेले घर आहे. व्याकरणही निराळे. इंग्रज म्हणतो, 'मी हसण्यापासून रिफ्रेन करू शकलो नाही'. त्यात कर्ता 'मी', हरलेला स्वार. मराठी म्हणते, 'मला हसू आवरेना.' हसू हाच वाक्याचा कर्ता, मी चतुर्थीत बाजूला उभा. 'बोलल्यावाचून राहवेना' हे त्याच जातीचे. शाळेच्या व्याकरणात 'राहवणे' याला शक्य क्रियापद म्हणतात. या वाक्यांत कोणी कोणावर स्वार नाही. जे व्हायचे ते झाले आणि ते माझ्या जागी झाले, एवढेच सांगितले जाते. मला वाटते, म्हणूनच मराठीत अशी कबुली देताना फारशी लाज वाटत नाही.

पण कायद्याच्या कागदावर 'आवरणे' लिहिता येत नाही. 'प्रतिवादी अडथळा करण्याचा मोह आवरील' असे लिहिले असते, तर न्यायाधीशांनाही हसू आवरले नसते.

पाट्यांवर मात्र हे दोन्ही स्वभाव शेजारी शेजारी दिसतात. जिन्यात वर इंग्रजीत 'कृपया थुंकण्यापासून रिफ्रेन करा' अशा अर्थाचे वाक्य असते, आणि खाली मराठीत 'थुंकू नये. थुंकल्यास दंड होईल.' इंग्रजी पाटी वाचणाऱ्याच्या हातात लगाम आहे, असे गृहीत धरते. मराठी पाटीचा वाचणाऱ्यावर तेवढा विश्वास नाही. मी अशा बऱ्याच पाट्या टंकून दिल्या आहेत आणि मराठी मजकूर सौम्य करू का, असे प्रत्येक वेळी विचारले आहे. एकदाही कोणी 'हो' म्हटले नाही.

'फॉरबेअर' राहिला. तो लॅटिन घराण्यातला नव्हे, अस्सल जुन्या इंग्रजीतला. त्यात सोसण्याची छटा आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या १३७ व्या कलमात त्याचे नाम भेटते : धनकोने ऋणकोवर दावा न लावता नुसते थांबून राहणे, एवढ्यामुळे जामीनदार सुटत नाही, जामिनाच्या करारात उलट काही नसेल तर. बँकांच्या परिपत्रकांतही हा शब्द आता वरचेवर येतो. त्याचा अभ्यास वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर, ती पुरसीस. दाव्याची गाडी पुन्हा रुळावर यायला दीड वर्ष गेले. मधल्या काळात वादीच्या घरी एक लग्न झाले आणि चुलत घरातले कोणी अक्षतांना गेले नाही. पुण्याचा पुतण्या पुन्हा मसुदा घेऊन आला, या वेळी स्वतः. मसुदा तोच होता, वाक्य तेच. तो म्हणाला, "काका, मी तो शब्द मुद्दाम घातला होता. आजोबांना काही कबूल करायला लागू नये म्हणून." मी काही बोललो नाही.

कोश मिटून ठेवला आणि न्यायालयाच्या आवारात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले वाक्य लिहिले : "प्रतिवादी हा वादीच्या जाण्यायेण्यास कोणतीही हरकत व अडथळा करणार नाही." नुसता नकार, भविष्यकाळातला.

वकिलांनी वाचून दाखवले. आजोबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग माझ्याकडे वळून विचारले,

"ह्यात मागलं काय हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पेन मागितले.